आमचं नवं गाव

मुलांनो, हिमाचल प्रदेशात दर 100 माणसांतली 90 खेड्यात राहतात, असं 2011 ची जनगणना सांगते. यांची बदली झाली आणि त्या नव्वदांत आम्हीही आलो! पालमपूरजवळ आमचं गाव. समोर धौलाधारचा बर्फ, भोवती चहाचे मळे. जुन्या घरांच्या छपरांवर काळ्या दगडाच्या फरश्या. आपली लिहायची पाटी अशाच दगडाची बरं का!

सासूबाई मात्र साताऱ्यालाच राहिल्या. "माझं घर सोडून कुठं जाऊ?" म्हणाल्या.

चिनू महिन्याभरात शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना 'अम्मा' म्हणू लागली. परवा फोनवर म्हणाली, "आजी, तू आमच्या गावाला कधी येणार गं?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच आवाज आला, "तिकडं थंडी फार असेल ना?"