कोण, कुठून

भोकरदनला केळना नदीच्या अंगाने जुन्या वस्तीत शिरले की एका निवृत्त गुरुजींच्या घराची ओसरी लागते. गेली काही वर्षे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारच्या चहानंतर, तिथे आठ-दहा माणसे जमतात. या बैठकीला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. नियम एकच आहे आणि तो गुरुजींनी घालून दिलेला आहे : वाचलेले पुस्तक आवडले की नाही हे आधी सांगायचे, आणि मग आपण कोणत्या पानावर थांबलो ते सांगायचे. ज्याला कुठेच थांबावेसे वाटले नाही त्याने पुस्तक वाचलेलेच नाही, असे गुरुजी समजतात.

मी या बैठकीत पहिल्यांदा गेलो तो मराठीचा अध्यापक म्हणून, आणि खरे सांगायचे तर थोडा उपकार केल्याच्या भावनेने. त्या दिवशी पिशव्यांमधून जी पुस्तके बाहेर आली त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेल्या काकांनी 'मृत्युंजय' आणले होते. अंगणवाडीत काम करणाऱ्या ताईंच्या हातात 'स्मृतिचित्रे' होते. बारावीतल्या एका मुलाने नारायण धारपांची भयकथा आणली होती, आणि ती आपण रात्री एकटे असताना मुद्दाम वाचली असे तो अभिमानाने सांगत होता. शिवणकाम करणाऱ्या एका गृहस्थांनी रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' आणली होती. ज्या माणसाने आयुष्यभर पुस्तकांच्या पायऱ्या लावल्या, त्याला ही सारी पुस्तके एकाच सतरंजीवर शेजारी-शेजारी पडलेली पाहून अस्वस्थ वाटणे स्वाभाविक होते. आता इथे आपल्याला काही शिकवावे लागणार, असे मनाशी म्हणत मी बसलो.

शिंपीकाकांनी सुरुवात केली. 'पाचोळा' ही 1971 साली आलेली कादंबरी एका खेड्यातल्या शिंप्याच्या घराची आहे आणि ती सांगते त्या घरातली बाई, पार्वती. काका म्हणाले, "आवडलं. धंदा आमचा हाय, म्हणून तर आवडलंच. पण सगळं बाईच्या तोंडून हाय. म्हणून मी घरी इचारलं, आपल्या घराचं तू असंच सांगितलं असतं का? ती म्हणाली, याहून कडू सांगितलं असतं." सगळे हसले. काका हसले नाहीत. "मग मी पुन्यांदा पहिल्यापासून वाचलं," असे म्हणून त्यांनी पुस्तक खाली ठेवले.

'पाचोळा'तील प्रथमपुरुषी निवेदन आणि बोलीचा वापर हा विषय मी वर्गात अनेक वर्षे शिकवला आहे. निवेदक स्त्री असल्यामुळे कादंबरीला कोणती परिमाणे लाभतात, याची टिपणे विद्यार्थ्यांना दिली आहेत. ते निवेदन खरे मानले तर आपल्या स्वतःच्या घराचा निवेदक कोण, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही. तो पडू नये अशीच माझ्या वाचनाची घडण झाली होती.

ही घडण कशी झाली हे मराठी विभागात शिकलेल्या कुणालाही सांगायला नको. मर्ढेकरांपासून पुढे सौंदर्यविचाराची जी चर्चा आपल्याकडे झाली, तिने साहित्यकृतीकडे साहित्यकृती म्हणून पाहायला शिकवले. ते ऋण मोठे आहे. पण ती चर्चा टिपणांतून, मार्गदर्शकांतून आणि प्रश्नपत्रिकांतून झिरपत वर्गापर्यंत आली तेव्हा तिचे एकच सोपे सूत्र उरले : वाचकाने स्वतःला वगळायचे. 'मला आवडले' असे लिहिणारा विद्यार्थी कच्चा आणि 'प्रस्तुत कलाकृती वाचकास अंतर्मुख करते' असे लिहिणारा पक्का. हे दुसरे वाक्य पुस्तक न वाचताही लिहिता येते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

त्या पहिल्याच बैठकीत माझ्यासमोर बसलेल्या एका तरुणाने शेवटी पुस्तक काढले. तो पूर्वी माझा विद्यार्थी होता. आता भोकरदनलाच कृषी सेवा केंद्र चालवतो. पुस्तक होते सदानंद देशमुखांचे 'बारोमास'. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या आणि 2004चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीचा लेखक आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातला. त्यातले शेत, त्यातले कर्ज, त्यातली माणसे यांना भोकरदनच्या माणसाने नवे म्हणून पाहण्याची गरज नाही. तो म्हणाला, "आवडलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हाही आवडलं होतं. तेव्हा निबंधात मी लिहिलं होतं की हे आमच्या घरचं आहे, आणि बापाच्या कापसाचं काय झालं तेही लिहिलं होतं. सरांनी त्यावर तांबड्या शाईनं लिहिलं, 'विषयांतर. वैयक्तिक मत नको.'" कोणते सर हे त्याने सांगितले नाही. माझ्याकडे पाहिलेही नाही.

ती शाई माझी होती. मला तो निबंध आठवत होता. बैठक संपेपर्यंत मी एक शब्दही बोललो नाही.

त्यानंतर मी नियमाने जाऊ लागलो, आणि हळूहळू माझ्या ध्यानात येऊ लागले की या ओसरीवर 'आवडलं' हा शब्द जसा वापरला जातो तसा तो आमच्या वर्गात कधी वापरला गेला नव्हता. तो निकाल म्हणून येत नाही. साक्ष म्हणून येतो. साक्षीदाराने आपण कोण, कुठे उभे होतो आणि काय पाहिले हे सांगायचे असते. बाकीच्यांनी त्याला उलट प्रश्न विचारायचे असतात.

याचे सगळ्यात चांगले उदाहरण मी 'मृत्युंजय'च्या निमित्ताने पाहिले. शिवाजी सावंतांची ही 1967ची कादंबरी वाहककाकांनी किती वेळा वाचली असेल याची मोजदाद नाही. कर्णाविषयी बोलताना त्यांचा आवाज भरून येतो. ड्यूटीवर असताना कुणीही उठून जात काढावी आणि आपण तिकिटे फाडत राहावे, हे ज्याने सोसले त्याला कर्ण का जवळचा वाटतो हे त्यांनी एकदा सांगितले, तेव्हा ओसरी बराच वेळ गप्प होती. अशा वेळी टीका करणे निष्ठुरपणाचे वाटते. पण अंगणवाडीच्या ताईंनी ती केली. त्या म्हणाल्या, "काका, मलाही पुस्तक आवडलं. पण यात कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, शोण, वृषाली, अगदी कृष्णसुद्धा बोलतो. द्रौपदीला का बोलू दिलं नाही? भर सभेत कर्ण तिला जे बोलला ते तिच्या तोंडून आलं असतं तर तुम्हाला तो इतका आवडला असता का?"

काकांकडे उत्तर नव्हते. पुढच्या महिन्यात ते आले ते सभापर्वाचा भाग पुन्हा वाचून. म्हणाले, "ताई, कर्ण मला अजून आवडतो. पण आता तेवढी पानं मला झपाट्यानं उलटता येत नाहीत." समीक्षेने वाचकाच्या बाबतीत करायचे असते ते एवढेच, असे मला त्या दिवशी वाटले. तिने त्याचे प्रेम हिरावून घेऊ नये. जी पाने तो झपाट्याने उलटत होता तिथे त्याला थांबायला लावावे. आणि हे ताईंना जमले, कारण काकांनी आधी आपले प्रेम लपवले नव्हते. ज्याने काही आवडल्याचे कबूलच केले नाही, त्याला विचारणार काय?

केवळ उत्साह पुरेसा असतो असे माझे म्हणणे नाही. ओसरीवरही कधीकधी 'काय जबरदस्त लिहिलंय' याच्या पुढे गाडी सरकत नाही, आणि तेव्हा गुरुजी "पान कोणतं?" एवढेच विचारतात. नरहर कुरुंदकरांनी 'धार आणि काठ'मध्ये मराठी कादंबरीचा आढावा घेतला तेव्हा ते मराठवाड्यातल्या वाचकाच्या आवडीनिवडीपासून दूर उभे नव्हते. लोकांनी डोक्यावर घेतलेल्या पुस्तकांशी त्यांनी वाद घातला तो ती पुस्तके गंभीरपणे घेऊन. वाद घालायला आधी समोर कुणाची तरी आवड असावी लागते.

शिवाय या भागात पुस्तकांवर उघडपणे बोलणे ही फार जुनी आणि फार सहज मिळालेली गोष्ट नाही. 17 सप्टेंबर 1948पर्यंत भोकरदन निजामाच्या राज्यात होते. शिक्षणाचे आणि कारभाराचे माध्यम उर्दू. 1929च्या 'गश्ती निशाण 53'ने सभा भरवायची तर आधी परवानगी घ्या, असे बंधन घातलेले. त्या काळात परभणीच्या 1901मधील गणेश वाचनालयासारख्या संस्था मराठवाड्यात उभ्या राहिल्या, त्यांचे महत्त्व केवळ कपाटांतल्या ग्रंथांपुरते नव्हते. चार माणसांनी एकत्र बसून आपल्या भाषेत काय वाचले ते एकमेकांना सांगण्याची ती जागा होती. ज्या प्रदेशात हे सांगणे मिळवावे लागले, तिथल्या वर्गात मी 'वैयक्तिक मत नको' असे लिहीत होतो.

भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर जे शेकडो छोटे दानलेख आहेत त्यांत भोगवर्धनच्या माणसांचेही लेख आहेत. या लेखांत काव्य नाही, स्तूपाची स्तुती नाही. अमक्या गावच्या अमक्याचे दान, इतकाच मजकूर. संपूर्ण स्तूप कुणा एकाचा नव्हे. कुणी एक शिळा दिली, कुणी कठड्याचा एक तुकडा. भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, साधे गृहस्थ आणि स्त्रिया आहेत. दोन हजार वर्षांनंतर आपण त्या वास्तूच्या शैलीविषयी ग्रंथ लिहितो, पण ती ज्यांच्यामुळे उभी राहिली त्यांनी मागे ठेवले ते दोनच तपशील : कोण आणि कुठून. ओसरीवर बसलेल्या माणसांचे 'आवडलं' मला आता तसे वाटते. 'मृत्युंजय' किंवा 'पाचोळा' ही पुस्तके आज उभी आहेत ती अशा कितीतरी लहान दानांवर. आमच्या समीक्षेने शैलीचा अभ्यास केला आणि दगडांवरची नावे घासून टाकली.

शेवटी त्या तांबड्या शाईविषयी. मागच्या पावसाळ्यात एकदा बैठक संपल्यावर तो तरुण आणि मी गुरुजींच्या दारात पाऊस थांबण्याची वाट पाहत उभे होतो. मी त्याला म्हणालो, "'विषयांतर' असं लिहिणारा मीच होतो." तो म्हणाला, "ठाऊक आहे, सर. म्हणून तर पहिल्या दिवशी तेच पुस्तक आणलं." मग थोडे थांबून त्याने विचारले, "पण तुम्हाला ते कसं वाटलं, हे तुम्ही अजून सांगितलंच नाही. तेव्हाही नाही आणि इथंही नाही."

त्याचे म्हणणे खरे होते. इतक्या बैठकांत मी इतरांच्या आवडीवर बोललो होतो, संदर्भ पुरवले होते, सनावळ्या सांगितल्या होत्या. स्वतःचे पान मात्र सांगितले नव्हते. पावसाच्या आवाजात मी त्याला सांगितले की पुस्तक मला आवडले होते, आणि म्हणूनच मी त्याच्या निबंधावर ते लिहिले. त्यातला एकनाथ शिकला-सवरला आणि नोकरीविना शेतात अडकून पडला. मीही शेतकऱ्याच्याच घरातून शिकलो, आणि त्याला न मिळालेली नोकरी मला मिळाली. माझ्या शिक्षणासाठी जमिनीचा एक तुकडा गेला आणि माझा धाकटा भाऊ उरलेल्या जमिनीवर राहिला. एकनाथ जिथे जिथे घरातल्यांशी चिडून बोलतो तिथे मला भावाचा आवाज ऐकू येई, आणि मी पान उलटून पुढे जाई. विद्यार्थ्याने नेमके तेच पान उघडून माझ्यासमोर ठेवले तेव्हा ते बंद करण्यासाठी माझ्या हाताशी एकच शब्द होता : विषयांतर.

तो ऐकून घेत होता. "हे पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगा," एवढेच म्हणाला आणि पाऊस उघडलेला पाहून दुकानाकडे निघाला.

मी सांगितले. बोलताना जीभ अडखळली; इतकी वर्षे व्याख्याने देऊनही अडखळली. शिंपीकाकांनी विचारले, "भावानं वाचलं का हे पुस्तक?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. दिवाळीला गावी गेलो तेव्हा 'बारोमास'ची प्रत सोबत नेली आणि भावाला दिली. त्याने ती चाळली, देवळीत ठेवली आणि वेचणी आटोपली की बघतो म्हणाला. त्याचे पान कोणते असेल याची मी वाट पाहतो आहे.