बक्षिसाची गोळी

मुलांनो, आधी एक काम करा. हात स्वच्छ धुवा, आरशासमोर उभे राहा आणि खालच्या दातांच्या अगदी मधून सुरुवात करून एका बाजूने मागे एकेक दात मोजत जा. सहावी जी रुंद दाढ लागेल, तिची गोष्ट मला सांगायची आहे. मला ती फार उशिरा कळली.

मी गोदाकाठी, सायखेड्याला प्राथमिक शाळेत शिकवते. शाबासकी द्यायची तर ती लगेच द्यावी, असे डी.एड.ला शिकले होते. म्हणून माझ्या टेबलाच्या खणात गोळ्यांची बरणी असे. पाढा न अडखळता आला की लिमलेटची गोळी, शुद्धलेखन बिनचूक आले की टॉफी. पहिलीतला एक मुलगा फार हुशार होता. रोज दोन-तीन गोळ्या ठरलेल्या. तो गोळी चावत नसे, गालात धरून मधल्या सुट्टीपर्यंत पुरवायचा. मला त्याचे केवढे कौतुक!

तोच मुलगा तिसरीत असताना चार दिवस शाळेत आला नाही. संध्याकाळी घरी गेले, तर गाल सुजून टम्म झालेला. आजीने दाढेखाली लवंग धरायला दिली होती. आजी म्हणाल्या, "दुधाचाच दात हाय ना बाई, पडंल आपोआप."

मीही मान डोलावली. शिकलेली बाई ना मी!

लवंगेने ठणका कमी होतो, कीड काही थांबत नाही. दोन दिवसांनी त्याचे वडील बागेतले काम टाकून त्याला नाशिकला घेऊन निघाले, मीही सोबत गेले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासले आणि म्हणाल्या, "ही दुधाची दाढ नाहीच."

दुधाचे दात वीस, म्हणजे एका बाजूला पाच. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे ही कायमची दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि अन्न तिथेच अडकून बसते. त्याची दाढ इतकी पोखरली होती, की काढावीच लागली. आता तिच्या खालून दुसरी येणार नाही.

"पण रोज दोन-तीनच तर गोळ्या!" मी म्हटले.

"किती खाल्ल्या त्यापेक्षा तोंड किती वेळ गोड राहिलं ते बघा, बाई."

तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दाताचे कठीण कवच विरघळवते. मग लाळ हळूहळू डागडुजी करते, पण तिला अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात दुसरी गोळी आली, तर डागडुजी व्हायची कधी? १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या विपेहोम या संस्थेत याची चाचणी झाली होती. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत, पण मधल्या वेळी चिकट टॉफी खाणाऱ्यांचे भराभर किडले. संस्थेतल्या त्या मतिमंद माणसांना कुणी विचारलेही नव्हते. हे वाचले तेव्हा मला माझी बरणी आठवली.

गोड खाऊच नका, असे मी म्हणणार नाही. पुरणपोळी मीही सोडणार नाही. पण ती जेवणात खा. दिवसभर चघळणे नको. रात्री फ्लोराइडच्या पेस्टने, वाटाण्याएवढीच घेऊन, दात घासा आणि नंतर पाण्याशिवाय काही तोंडात नको. पालकांनो, सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचे दात घासताना तुमचा हात लागतोच. सहावी दाढ नुकतीच आली असेल, तर डॉक्टरांकडून तिच्या खाचा लेपाने बुजवून घेता येतात. आणि घरात कुणी मिसरीची तारीफ करत असेल, तर ती भाजलेली तंबाखू आहे हे मुलांदेखत सांगा.

माझ्या बरणीत आता खडूचे तुकडे असतात. बक्षीस म्हणजे शाळेची घंटा वाजवायची पाळी. परवा त्या मुलाने सतराचा पाढा एका दमात म्हटला आणि शाळा सुटण्याची घंटा पाच मिनिटे आधीच बडवली.