विजय दुर्गाच्या दारी

इतिहासाचा सोहळा पाहायला येणारा माणूस नाट्यगृहातल्या प्रेक्षकासारखा अंधारात बसून राहत नाही. तो घोड्यांच्या शेजारून चालतो, शस्त्र धरलेल्या माणसाशी बोलतो, म्हाताऱ्या सैनिकाच्या बाजूच्या खुर्चीत बसतो. त्याचे वागणे सोहळ्यात मिसळून जाते आणि सोहळा त्याने खुलतो किंवा बिघडतो. म्हणूनच अशा ठिकाणी जगभर काही रिती पडल्या आहेत. अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, १९६३ साली ‘रेनेसान्स फेअर’ नावाच्या जत्रेला सुरुवात झाली. तिथे सोळाव्या शतकातले इंग्लंड उभे करतात आणि पाहुणेही त्या काळचा वेश करून येतात. पाहुण्याने तलवार आणली तर ती म्यानात असावी लागते आणि मूठ म्यानाला दोरीने जखडलेली असावी लागते, म्हणजे ती सहज उपसता येत नाही. दुसऱ्याचा झगा, वाद्य, घोडा यांना विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. राजाची किंवा लोहाराची भूमिका वठवणाऱ्याला मध्येच थांबवून त्याचे खरे नाव-गाव विचारत नाहीत. रायगडावर दरवर्षी ६ जूनला शिवराज्याभिषेकाचा सोहळा होतो. तिथे फेटे, नऊवारी, ढोल आणि मर्दानी खेळ यांच्या गर्दीतही जाणती माणसे याच मर्यादा न सांगता पाळतात.

कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये असा सोहळा डिसेंबरात होतो. इथे मात्र कोणी सोंग घेत नाही. ज्यांच्या आयुष्यात तो इतिहास घडला त्यांतली काही माणसे स्वतः हजर असतात आणि त्यामुळे पाहुण्यावरची जबाबदारी वाढते. १९७१ साली भारतीय सेनेच्या पूर्व कमांडचे मुख्यालय याच किल्ल्यात होते, आजही आहे. कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्यापुढे १६ डिसेंबरला ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर पाकिस्तानचे जनरल नियाझी यांनी शरणपत्रावर सही केली. पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार लोक युद्धबंदी झाले आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. त्या विजयाच्या स्मरणार्थ किल्ल्यातल्या विजय स्मारकावर पुष्पचक्र वाहतात, बांगलादेशातून मुक्तियोद्धे, म्हणजे त्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले लोक, आपल्या कुटुंबीयांसह पाहुणे म्हणून येतात आणि किल्ल्याबाहेरच्या मैदानावर, कोलकात्याच्या रेसकोर्सवर, सैन्याच्या कसरतींचा जाहीर कार्यक्रम होतो. २०२४ साली दोन्ही देशांतले संबंध ताणलेले असतानाही मुक्तियोद्ध्यांचे छोटे शिष्टमंडळ आले होते.

जाण्याआधी एक भेद ध्यानात ठेवायचा असतो. रेसकोर्सवरचा कार्यक्रम नागरिकांसाठी असतो. किल्ला मात्र चालती छावणी आहे. हुगळीच्या पूर्व काठावरचा हा अष्टकोनी कोट प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ च्या सुमारास बांधायला घेतला आणि १७८१ मध्ये पुरा झाला. पाच बाजू जमिनीकडे, तीन नदीकडे आणि भोवती रुंद खंदक. आत सैनिकांच्या बराकी, कचेऱ्या आणि घरे आहेत. रायगडावर किंवा राजगडावर जशी वाट फुटेल तसे भटकता येते तसे इथे चालत नाही. परवानगी आणि ओळखपत्र लागते. नेमून दिलेल्या वाटेनेच जायचे असते. पहारेकऱ्याने पिशवी उघडायला सांगितली तर वाद न घालता उघडावी. आत फोटो काढायला बंदी आहे आणि बुरुज कितीही देखणा दिसला तरी मोबाइल खिशातच राहू द्यावा. ड्रोन तर घरीच ठेवावा.

वेशाचा प्रश्न इथे रेनेसान्स फेअरच्या नेमका उलटा सुटतो. तिथे वेशभूषा हा पाहुण्याचा उत्साह समजला जातो. इथे सैन्याच्या गणवेशासारखा चट्ट्यापट्ट्यांचा पोशाख घालून येणे चुकीचे आहे. बाजारात तसले कपडे सर्रास मिळतात आणि आईवडील कौतुकाने लहान मुलांना ते घालतात. मोठ्या माणसाने मात्र ते टाळावेत. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी तसा वेश करणे कायद्याने गुन्हा आहे आणि जिथे खरे गणवेश कमावलेले आहेत तिथे उसना गणवेश खटकतो. पदकांचेही तसेच. निवृत्त सैनिक आपली पदके कोटावर डाव्या बाजूला लावून येतात. दिवंगत सैनिकाची पदके त्याचे जवळचे नातलग श्रद्धांजलीच्या प्रसंगी उजव्या बाजूला लावतात. एवढी खूण माहीत असली की उजव्या बाजूला पदक लावलेल्या बाईंना ‘हे तुमचं का?’ असा प्रश्न टाकून जखम उघडी करण्याची वेळ येत नाही. कोलकात्याच्या डिसेंबरात सकाळी हलका गारठा असतो. साधे, नीटनेटके कपडे आणि एखादी शाल पुरते. मराठी पाहुण्याने हौसेने फेटा बांधला तर कोणी हरकत घेणार नाही, पण रेसकोर्सवर मागच्या रांगेत बसलेल्या मुलाला त्या तुऱ्यापलीकडचे काही दिसत नाही, हे ध्यानात घेऊन कसरती सुरू झाल्या की तो उतरवून मांडीवर ठेवावा.

मराठी माणूस या किल्ल्याच्या दारात आला की त्याचे मन भरून येते आणि त्याला कारणही आहे. डिसेंबर २०२४ पासून सैन्याने फोर्ट विल्यमला विजय दुर्ग हे नाव दिले आहे, सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आपल्या विजयदुर्गावरून. पूर्वीचे सेंट जॉर्ज गेट आता शिवाजी गेट झाले आहे. किचनर हाउसला १९७१ चे लष्करप्रमुख माणेकशा यांचे नाव मिळाले आहे. या नावामागे इतिहासाचा एक विलक्षण योग दडला आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले आणि विजयदुर्ग घेतला. दुर्दैवाने त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. त्याच वर्षी जूनमध्ये सिराजउद्दौल्याने कोलकात्याचा जुना फोर्ट विल्यम जिंकला. जानेवारी १७५७ मध्ये तो परत घेतला तोही याच दोघांनी, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी. आंग्र्यांच्या पाडावाने हात मोकळे झालेल्या त्या माणसांनी ज्या सत्तेचा पाया घातला, तिच्या या मोठ्या किल्ल्यावर आज विजयदुर्गाचे नाव आहे. नामांतरांच्या वादात न शिरताही हे न्याय्य वाटते.

मन भरून आले तरी दारात घोषणा देण्यापूर्वी घटकाभर थांबावे. बंगालमध्ये मराठ्यांच्या दोन आठवणी आहेत. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी बंगालवर चालून जात होत्या. भास्करराम कोल्हटकरांच्या घोडेस्वारांनी गावे लुटली, जाळली. ‘बर्गी’, म्हणजे मराठा घोडेस्वार, आले या भीतीने कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही, पण ‘मराठा डिच’ हे त्याचे नाव उरले. पुढे तो बुजवून त्यावरून रस्ता गेला. बर्गींचे भय दाखवून बाळाला झोपवणारे अंगाईगीत बंगाली घरांत आजही म्हणतात. दुसरी आठवण त्यानंतरची. देवघर गावाजवळच्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या सखाराम गणेश देऊस्करांनी बंगालीतून लिहून शिवाजी महाराजांची ओळख तिथल्या तरुणांना करून दिली, रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली आणि जून १९०६ मध्ये कोलकात्यात शिवाजी उत्सव आणि स्वदेशी मेळा भरला तेव्हा लोकमान्य टिळक आणि दादासाहेब खापर्डे तिथे हजर होते. शेजारी बसलेल्या बंगाली गृहस्थांनी हसत हसत बर्गींचा विषय काढला तर मराठी पाहुण्याने चिडू नये आणि तो टाळूही नये. ‘हो, ते घडलं’ एवढे म्हणण्यात महाराजांचा कुठलाच उणेपणा होत नाही. देऊस्करांचे नाव घेतले तर गप्पा रंगतात.

विजय स्मारकापुढचा विधी पंधरा-वीस मिनिटांत आटोपणारा, पण पाहुण्याची खरी परीक्षा तिथेच होते. मानवंदनेची तुकडी शस्त्रे खांद्यावरून खाली आणते. ‘शोक शस्त्र’ असा हुकूम होतो आणि सैनिक बंदुकीची नळी सावकाश उलटी करून जमिनीकडे नेतात, दस्त्यावर हात ठेवून मान खाली घालतात. या हालचालीत घाई नसते. नजर आधी हातांबरोबर उतरते, मग हनुवटी. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते आणि मौन सुरू होते. या वेळात टाळी वाजवत नाहीत, बसून राहत नाहीत, टोपी घातलेला नागरिक टोपी काढून हातात घेतो. मोबाइल आधीच बंद केलेला बरा, कारण नुसत्या थरथरीचाही आवाज त्या शांततेत ऐकू येतो. लहान मूल रडायला लागले तर त्याला घेऊन मागे सरकावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही आणि कोणी वाईट वाटून घेत नाही. पुन्हा बिगुल वाजून शस्त्रे वर येईपर्यंत विधी संपलेला नसतो, म्हणून मौन सुटल्याबरोबर गप्पांना सुरुवात करू नये.

त्यानंतर पाहुण्यांची आणि सैनिकांची भेट होते. मुक्तियोद्धे आता वयाच्या सत्तरीत, ऐंशीत आहेत. विशीत असताना त्यांनी बंदूक घेतली होती. सुमारे एक कोटी लोक सीमा ओलांडून भारतात आले, त्या लोंढ्यात त्यांच्या घरची माणसेही होती. त्यांच्याजवळ जाताना हात जोडून नमस्कार करावा. ‘सलाम’ म्हटले तरी ते आपुलकीनेच घेतात. बंगालीत वडिलधाऱ्यांना ‘आपनि’ म्हणतात. तेवढा एक शब्द शिकून गेले तरी समोरच्या चेहऱ्यावर फरक पडतो. किती शत्रू मारले, प्रेते पाहिली का, घरातले कोण गेले, असले प्रश्न आपणहून विचारणे हा क्रूरपणा आहे. कुठल्या गावचे, कुठल्या विभागात होतात, तेव्हा कोण बरोबर होते, एवढे विचारावे आणि मग ऐकावे. त्यांना सांगायचे असते ते ते सांगतात. भारतीय बाजूच्या निवृत्त सैनिकांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे कोणी भेटले तर मराठीत हाक मारायला अडचण नाही. साताऱ्या-कोल्हापूरकडचे ‘काय पाव्हणं’ कानी पडले की ते थकलेले गृहस्थ सरसावून बसतात. किल्ल्याबाहेर त्यांचा फोटो काढायचा तर आधी विचारावे. डोळे भरून आलेल्या माणसाचा तर काढूच नये. सध्याच्या ढाक्यातल्या राजकारणावर त्यांच्याकडून मत वदवून घेण्याचा हट्ट धरू नये. ते पाहुणे आहेत आणि त्यांना घरी परतायचे आहे.

रेसकोर्सवर मात्र वातावरण मोकळे असते आणि तिथे हात आखडता घेण्याचे कारण नाही. लष्करी बँड, मोटारसायकलींच्या कसरती, हेलिकॉप्टर, गोरख्यांचे खुकरी नृत्य, शिखांचा गतका, केरळची कळरिपयट्टू, मराठा पलटणीचे झांजपथक: सैन्याच्या अशा कार्यक्रमांत देशभरातल्या जुन्या युद्धकला एका मैदानावर येतात. इथे टाळ्या हव्यातच. झांजपथक ताल वाढवत गोलात फिरू लागले आणि ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की’ अशी आरोळी उठली तर ‘जय’ म्हणणाऱ्यांत पाहुण्याचा आवाज असावा. ती त्या पलटणीची युद्धघोषणा आहे. तितक्याच जोराने गोरख्यांच्या आणि शिखांच्या आरोळीलाही दाद द्यावी.

घोडे आले की आवाज आवरायचा. भरधाव घोड्यावरून भाल्याच्या टोकाने जमिनीतली लाकडी मेख उपटून नेण्याचा घोडेस्वारांचा जुना खेळ पाहण्यासारखा असतो. मेख अगदी अरुंद. स्वार खोगिरातून उजवीकडे पार खाली झुकतो, टोक लागले की भाला मागे फिरवून मेख हवेत उंचावतो. या धावेच्या वेळी शिटी, फ्लॅशचा लखलखाट किंवा कठड्यावरून फडकवलेला रुमाल घोड्याला बिचकवतो आणि त्या वेगात बिचकलेला घोडा स्वाराच्या जिवावर बेतू शकतो. मेख निघाल्यावर हवी तेवढी दाद द्यावी. हेलिकॉप्टर खाली उतरू लागले की ओढणी, टोपी, कागद सांभाळावेत. वाऱ्याच्या झोताने उडालेली वस्तू पंख्यात जाऊ शकते. उडालेल्या वस्तूमागे मैदानात धावत जाऊ नये.

शस्त्रांचे प्रदर्शन असले तर तिथे सर्वांत लांब रांग मुलांची असते आणि ते चांगलेच आहे. जवान शस्त्र हातात देतो तेव्हा ते तो सांगेल तसे, नळी जमिनीकडे किंवा आकाशाकडे ठेवून धरायचे. गंमत म्हणून भावाकडे रोखलेली बंदूक, ती रिकामी असली तरी, तिथला जवान लगेच खाली करवतो. रेनेसान्स फेअरमधली बांधलेली मूठ आणि हा नियम एकाच जातीचे आहेत. तोफेच्या नळीवर मुलाला बसवू नये, रणगाड्यावर परवानगीवाचून चढू नये. माहिती देणाऱ्या जवानाला एकच प्रश्न पन्नासदा ऐकावा लागलेला असतो, म्हणून प्रश्न थोडक्यात विचारून पुढच्याला जागा द्यावी.

कार्यक्रम संपला की घोडे, वाहने आणि तुकड्या आधी मैदानाबाहेर जातात. तोवर जागेवर थांबावे. मग राहते ते मैदान. किल्ल्याच्या तोफांना समोर मोकळा मारा मिळावा म्हणून इंग्रजांनी इथले जंगल आणि वस्ती हटवली आणि त्या युद्धाच्या गरजेतून कोलकात्याला त्याची सर्वांत मोठी मोकळी जागा मिळाली. ती आजही सैन्याच्या ताब्यात आहे. १९७६ पासून या मैदानावर भरणारा कोलकाता पुस्तक मेळा लाखो वाचकांचा लाडका होता. धूळ, कचरा आणि गवताची नासाडी यांवरून प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २००७ पासून मेळ्याला मैदान सोडावे लागले. पुस्तकांच्या जत्रेला जे माफ झाले नाही ते विजयोत्सवालाही माफ नाही. म्हणून झालमुडीचा कागदी ठोंगा, चहाचे मातीचे भांडे, पाण्याची बाटली ज्याने आणली त्याने परत न्यावी, आणि चौरंगी रस्त्याकडे जाताना गवत तुडवत आडवे न जाता आखलेल्या वाटेने जावे.