स्पायडरमॅनची दौलत

गरिबीत माणसाने कसे वागावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मीठभाकरीत समाधान मानावे, कोणापुढे हात पसरू नये, अंथरूण पाहून पाय पसरावे, ही वचने आपण लहानपणापासून ऐकत येतो. परंतु एखाद्या दिवशी लक्ष्मी आपणहून दारी आली, तर तिच्याशी कसे वागावे, हे मात्र सहसा कोणी शिकवीत नाही. तसा प्रसंग आपल्यावर ओढवणारच नाही, अशी सर्वांची खात्री असावी! हा धडा मी एका चित्रकथेत वाचला. तिचा नायक तुमच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याचे नाव स्पायडरमॅन.

माझा नातू या वीराचा मोठा चाहता. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्याच्या शेजारी बसून मीही या चित्रकथा वाचू लागलो. आकाशात उड्डाण करणारे आणि पर्वत उचलणारे वीर आपल्या पुराणांत काय थोडे आहेत? त्यामुळे स्पायडरमॅनच्या पराक्रमाचे मला फारसे नवल वाटले नाही. मला जिव्हाळा वाटला तो त्याच्या अडचणींबद्दल.

हा वीर १९६२ साली अमेरिकेत प्रथम वाचकांसमोर आला. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी त्याला जन्म दिला. मुखवट्याआड होता पीटर पार्कर नावाचा एक शाळकरी मुलगा. आईबापांवाचून पोरका झालेला हा पोर न्यूयॉर्क शहरातील क्वीन्स भागात बेनकाका आणि मेकाकू यांच्यापाशी वाढत होता. डोळ्यांवर चष्मा, हातात पुस्तक आणि स्वभाव बुजरा! बरोबरीची मुले त्याची टर उडवीत आणि आपल्यात घेत नसत. एके दिवशी किरणोत्सर्गाने भारलेला एक कोळी त्याला चावला आणि भिंतीवर सरसर चढण्याचे बळ त्याच्या अंगी आले. या बळाच्या जोरावर तो पैसा मिळवू लागला. पळून जाणारा एक चोर समोरून गेला, तेव्हा 'मला काय त्याचे?' असे म्हणून त्याने त्याला अडवले नाही. पुढे त्याच चोराच्या हातून बेनकाकांचा प्राण गेला. सामर्थ्य हे एक ऋण असते आणि ते फेडावे लागते, हे पीटरला फार मोठी किंमत देऊन कळले.

काकांच्या मागे घरात पैशाची चणचण सुरू झाली. १९६३ सालच्या एका कथेत घरभाडे थकलेले आहे आणि मेकाकू आपले दागिने गहाण टाकीत आहे. घराला हातभार लावावा म्हणून पीटर मुखवटा घालून लोकांसमोर आपले खेळ करतो. मोबदला म्हणून त्याला धनादेश मिळतो. पण त्यावर नाव असते 'स्पायडरमॅन'! तो घेऊन तो बँकेत जातो, तेव्हा खिडकीमागचा कारकून त्याच्याकडे ओळखीचा पुरावा मागतो. अंगावरचा वेष हा काही पुरावा नव्हे. ज्याला उंच इमारती अडवू शकत नाहीत, तो एका कारकुनासमोर हतबल होऊन रिकाम्या हाताने परत फिरतो. हा प्रसंग वाचून नातू पोट धरधरून हसला. मलाही हसू आले. पण घरी वाट पाहणाऱ्या काकूची आठवण होऊन ते ओठांतच राहिले.

असा हा मुलगा कथांमधून मोठा झाला, तरी त्याचा खिसा बहुधा रिकामाच राहिला. पुढे त्याच्याकडे श्रीमंती आली, तीही वाकड्या वाटेने. डॅन स्लॉट या लेखकाने २०१३ साली एक विलक्षण कथा रचली. पीटरचा जुना वैरी डॉक्टर ऑक्टोपस याचे मन पीटरच्या शरीरात शिरते. तो पीटरच्या नावाने विद्यापीठाची सर्वोच्च पदवी मिळवतो आणि 'पार्कर इंडस्ट्रीज' नावाची कंपनीही उभी करतो. २०१४ साली पीटरला आपले शरीर परत मिळते. पाहतो तो काय, आपण एका कंपनीचे मालक झालेलो! पदवी आपल्या नावाची, कंपनी आपल्या नावाची. परंतु तिच्यासाठी कष्ट केले ते वैऱ्याने. २०१५ सालच्या कथांत ही कंपनी न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, लंडन आणि शांघाय या शहरांत पसरलेली दिसते.

नव्या श्रीमंतीत पीटर कसा वावरतो, हे पाहण्याजोगे आहे. स्पायडरमॅन हा आपल्या मालकाचा अंगरक्षक आहे, असे जगाला सांगण्यात येते. म्हणजे मालकही तोच आणि त्याचा पहारेकरीही तोच! ज्या मुलाला वर्गात कोणी जवळ बसू देत नव्हते, त्याच्याभोवती आता माणसांचा गराडा असतो. तरीही तो मनातून थोडा संकोचलेलाच राहतो. मात्र काकांच्या नावाने एक धर्मादाय संस्था काढण्यास तो विसरत नाही, आणि मेकाकूही त्या कार्यात सहभागी होते.

त्याचा हा संकोच मी ओळखू शकतो. मी मुख्याध्यापक झालो, त्या दिवशी शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या हाती आला. त्यातील एका किल्लीने गरीब विद्यार्थी निधीची पेटी उघडत असे. पुष्कळदा तिच्यात माझ्या महिन्याच्या पगाराहून अधिक रक्कम असे. ती माझ्या सहीने खर्च होई. पण त्यातील एक रुपयाही माझा नव्हता. जून महिन्यात शाळा उघडली, की एखादा मुलगा दाराशी अवघडून उभा राही. त्याचे फाटके दप्तर पाहिले, म्हणजे ती रक्कम कोणाची, हे कोणाला विचारावे लागत नसे. धनिकांनी स्वतःला आपल्या धनाचे विश्वस्त समजावे, असे गांधीजी सांगत. त्या किल्लीचे वजन हातात घेतल्यावर या शब्दाचा अर्थ मला अधिक स्पष्ट झाला.

पीटरच्या विश्वस्तपणाची खरी परीक्षा २०१७ सालच्या कथेत होते. डॉक्टर ऑक्टोपस परत येतो आणि कंपनीवर आपला हक्क सांगू लागतो. जुलमी लोकांचे पाठबळ त्याला लाभलेले असते. कंपनीतील यंत्रे आणि त्यांमागचे ज्ञान त्याच्या हाती गेले, तर अनर्थ ओढवणार हे उघड असते. तेव्हा पीटर आपल्याच हातांनी आपली कंपनी नष्ट करतो. दौलत जाते, राहते घर जाते आणि एका मैत्रिणीच्या घरी कोचावर झोपण्याची वेळ येते.

एवढ्यावर कथा संपली असती, तर 'धन्य तो त्यागी वीर' असे म्हणून आपण पुस्तक मिटले असते. पण लेखक तेवढ्यावर थांबत नाही. कंपनीबरोबर तेथे काम करणाऱ्यांच्या नोकऱ्याही गेल्या. रस्त्याने जाताना लोक पीटरला बोल लावू लागले. येथे माझ्या नातवाने पुस्तक खाली ठेवले आणि मला विचारले, "आजोबा, त्याने चांगले केले, तर मग लोक रागावले का?"

मी त्याला म्हणालो, "समज, गावात एकच विहीर आहे आणि तिच्यात कोणी विष कालवण्यास येत आहे. त्याला थोपवण्याचा दुसरा उपाय नाही, म्हणून एकाने ती विहीर बुजवली. गाव वाचला, पण सकाळी घागर घेऊन आलेल्या बाईने काय करावे? तिच्या घरची तहान खोटी नाही. विहीर बुजवणाऱ्याने तिला मूर्ख म्हणू नये. तिचे शब्द ऐकून घ्यावे आणि नवी विहीर खणण्यास लागावे."

मुलांनो, आपले धन सोडून देणे अवघड असते. परंतु आपल्या योग्य निर्णयाची झळ ज्यांना लागली, त्यांच्यासमोर मान खाली न घालता आणि मान ताठही न करता उभे राहणे त्याहून अवघड. त्यासाठी भिंतीवर चढण्याचे बळ उपयोगी पडत नाही.

पीटरने पुढे 'डेली ब्यूगल' या वृत्तपत्रात विज्ञानविभागाची नोकरी धरली. पूर्वीप्रमाणे पुन्हा पगाराकडे डोळे लावून दिवस काढणे त्याच्या नशिबी आले. आणि ज्या शहरात लोक त्याला दूषणे देत होते, त्याच शहराच्या रक्षणासाठी तो मुखवटा चढवून बाहेर पडत राहिला.