न्हाणीघराची भिंत

वसईत पावसाळा चार महिने मुक्कामाला असतो आणि त्याच्या पाठोपाठ बुरशीही. कातडी चपला, पुस्तकांच्या बांधण्या, कपाटातला झगा, कशालाच ती वगळीत नाही. म्हणूनच 2023च्या जुलैत आमच्या स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींचा खोकला महिनाभर हटेना, तेव्हा तोही मी पावसाच्या खाती जमा केला. डॉक्टरांनी मात्र औषध लिहिता लिहिता विचारले, "ह्या राहतात तिथल्या भिंतींना ओल आहे काय?"

मला उत्तर देता आले नाही. धर्मगुरुनिवासाच्या मागच्या अंगाला असलेले त्यांचे न्हाणीघर मी दोन वर्षांत पाहिले नव्हते.

त्या संध्याकाळी पाहिले. छतापासून कमरेपर्यंत भिंत काळीहिरवी झाली होती.

"मावशी, मला सांगितले का नाही?"

"सांगितले होते, फादर. तुम्ही रंग मारून घेतलात."

खरे होते ते. नाताळापूर्वी रंगारी आलेलाच होता. मी त्याला मागच्या भिंतीवरूनही हात फिरवायला लावला होता.

सेमिनरीत लेवीयाचा चौदावा अध्याय आम्ही हसतच वाचला होता. घराच्या भिंतीवर चट्टे दिसले, तर याजकाने सामान बाहेर काढवावे, स्वतः आत जाऊन ते हिरवट वा तांबूस चट्टे खोल गेलेत का हे पाहावे, सात दिवस घर बंद ठेवावे. ते पसरलेच तर दगड काढून गावाबाहेर टाकावेत, गिलावा खरवडावा. वरून रंग द्यावा, असे त्या अध्यायात कुठेही नाही.

मी ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड घेऊन निघालो, तेव्हा आमच्या म्हाताऱ्या गवंड्याने मला दारातच अडवले. ही दोन एकत्र आली की विषारी वायू सुटतो. शिवाय ब्लीचने भिंत पांढरी दिसते, पण गिलाव्याच्या आतली बुरशी तशीच राहते. वर स्लॅब झिरपत होता. खाली डासांसाठी प्लायवूड ठोकून बंद केलेली खिडकी होती, आणि ती बंद करवणाराही मीच! गरम पाण्याच्या वाफेला जायला वाटच नव्हती. वरचा प्लास्टिक पेंट ओल आत कोंडून धरीत होता.

भर पावसात गिलावा सुकणार नाही, म्हणून काम ऑक्टोबरवर गेले. तोवर मावशींनी माझे न्हाणीघर वापरावे असे ठरले. त्यांना फार संकोच वाटला; पहिले आठ दिवस त्या मी मिस्सेला गेल्यावरच आंघोळ उरकीत.

ऑक्टोबरात स्लॅबची गळती बंद केली, खिडकी उघडून जाळी बसवली, गिलावा धूळ उडू नये म्हणून भिजवून खरवडला. नवा गिलावा पुरता वाळल्यावर चुना दिला. चुन्याच्या खारात बुरशी सहसा धरत नाही. मावशींचा खोकला उतरला, पण गेला नाही. थंडीत त्यांना अजून पंप ओढावा लागतो.

पुढच्या जुलैत खिडकीच्या कोपऱ्यात रुपयाएवढा डाग दिसला. मावशींनी स्वयंपाकघरातूनच हाक मारली, "फादर, या, बघा." मी साबणाचे पाणी आणि घासणी घेऊन गेलो.