खडूच्या रंगाचं वेड

सध्या मला दुसरं काही सुचत नाही. कुणाच्या घरी गेले की चहा येईपर्यंत नजर त्यांच्या जिन्याखाली, माळ्यावर, मागच्या पडवीत फिरत राहते. कडी निखळलेली पेटी, पोपडे निघालेलं स्टूल, एका पायाने डुगडुगणारा चौरंग दिसला की हात शिवशिवतात. इतकी सोपी गोष्ट आपल्याला इतकी वर्षं कुणी सांगितली कशी नाही, याची चुटपुट आहेच. पण कळली एकदाची, याचा आनंद पोटात मावत नाही. चॉक पेंट! म्हणजे खडूची भरपूर भुकटी मिसळलेला, पाण्यात कालवता येणारा रंग. बस्स, एवढंच. आणि या एवढ्याशा गोष्टीने माझ्या आजीचं दुभत्याचं कपाट भंगारात जाता जाता वाचवलं.

ऑक्सफर्डच्या ॲनी स्लोन नावाच्या बाईंनी १९९० साली हा रंग बाजारात आणला. 'चॉक पेंट' हे नावही त्यांच्याच मालकीचं आहे, म्हणून इतर कंपन्यांच्या डब्यांवर 'चॉकी फिनिश' असं काहीतरी लिहिलेलं आढळतं. स्वतः चित्रकार असल्याने त्यांना असा रंग हवा होता, जो जुन्या लाकडावर, जुन्या पॉलिशवर, अगदी जुन्या रंगावरसुद्धा फारशी घासाघीस न करता सरळ ब्रशने लावता येईल. ही सगळी किमया खडूची. त्याचे बारीक कण रंगात ठासून भरलेले असतात, त्यामुळे गुळगुळीत पृष्ठभागावरही रंग धरून बसतो. वाळल्यावर चकाकत नाही. त्यावरून हात फिरवला तर नुकत्याच सारवून सुकलेल्या भिंतीवरून फिरवल्यासारखं वाटतं, आणि मग तो हात उचलवत नाही.

आमचा भंडारा जिल्हा जंगलाचा, त्यामुळे लाकडाला कधी तोटा नव्हता. साग, बिजा, ऐन, तिवस, हळदू ही नावं पोरांनाही पाठ. पवनीकडच्या जुन्या घरांत बघा, आजही पलंग, बंगई, संदूक, देव्हारा सगळं भरभक्कम लाकडाचं असतं. आणि त्या प्रत्येकावर इनॅमलचे थर असतात! घरात लग्न निघालं की भिंतींना चुना आणि लाकडाला इनॅमलचा एक हात, ही रीतच होती. आधी चॉकलेटी, मग आकाशी, मग हिरवा. आतलं लाकूड कोणतं, हे घरातल्या तिसऱ्या पिढीला ठाऊकही नसतं. मग पोपडे निघतात, कपाट 'जुनाट' दिसायला लागतं, एखाद्या सणाला प्लायवूडचं नवं येतं आणि जुनं गोठ्यात जातं.

आजीचं दुभत्याचं कपाट गोठ्यातच होतं. ज्यांनी ते कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: उंचीला माणसाच्या छातीएवढं, समोर बारीक जाळीची दोन दारं, आत तीन फळ्या. दूध, दही, लोणी मांजरीपासून वाचवायचं आणि हवाही खेळती ठेवायची, म्हणून जाळी. चारी पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. फ्रिज आला आणि त्याची सद्दी संपली. वर हिरवा इनॅमल, जाळीला गंज, एका दाराची बिजागरी गेलेली. पण हलवून पाहिलं तर सांगाडा जागचा हलला नाही! खिळा कुठेच नाही, सगळे सांधे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून लाकडी खुंट्या ठोकलेले. वाळवीचा मागमूस नाही. असं काम आज कुणी करून देईल का, आणि दिलं तर परवडेल का?

पहिलं काम धुण्याचं, आणि ते मन लावून करावं लागतं. धूर, तूप, तेल, वर्षानुवर्षांच्या हातांचा चिकटा. त्यावर कोणताच रंग टिकणार नाही, मग तो खडूचा असो की सोन्याचा. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून पुसलं, मग साध्या पाण्याने पुसलं, मग सावलीत पूर्ण कोरडं होऊ दिलं. सुटलेले पोपडे पाणी शिंपडत ओल्या पॉलिश पेपरने काढले. ओल्यानेच, आणि का ते पुढे सांगते.

रंगाचा डबा उघडणार, तेवढ्यात गल्लीतले म्हातारे वाढई काका आले. त्यांनी कपाटाभोवती एक चक्कर मारली, दार उघडलं आणि आतल्या कोऱ्या फळीवर ओलं पांढरं फडकं दाबून धरलं. मग ते उचलून माझ्यासमोर धरलं. फडक्यावर तपकिरी-पिवळा डाग उमटला होता, चहा सांडल्यागत.

"हे पाय पोरी. बिजा आहे हा. पानी लागलं का रंग सोडते. तुहा पांढरा रंग एका रातीत पिवळा पडन."

"मग काय करू, काका?"

"चपडा मार दोन हात. मंग लाव तुले लावाचा थो रंग."

मी थक्क झाले! बिजाच्या लाकडात पाण्यात उतरणारी रंगद्रव्यं असतात. त्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवून सकाळी पितात, ते पाणी तांबूस का होतं ते तेव्हा कुठे नीट उमगलं. चॉक पेंट पाण्याचा, त्यामुळे तो ही द्रव्यं आतून ओढून वर आणतो. मध्ये असा पडदा हवा जो पाण्यात विरघळत नाही. तो पडदा म्हणजे चपडा, आणि चपडा म्हणजे लाख.

आणि लाख कुठली? तर आपलीच! पूर्व विदर्भात फाल्गुनात पेटल्यासारखे दिसणारे जे पळस, त्यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात. रस शोषतात आणि अंगाभोवती राळ सोडतात. ती राळ खरवडायची, धुवायची, वितळवून पातळ ताणायची आणि फोडायची, की झाले चपड्याचे मधाच्या रंगाचे पापुद्रे. पळसावर आणि बोरीवर येते ती रंगीनी, कुसुमाच्या झाडावर येते ती कुसुमी, आणि कुसुमी फिकी म्हणून तिला भाव जास्त. रांचीजवळच्या नामकुमला १९२४ पासून या लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. साऱ्या जगातले फर्निचरवाले या राळेसाठी भारताकडे बघत आले, आणि मी मात्र लाख म्हणजे बांगड्या आणि पार्सलवरचं सील एवढंच समजत होते.

चपडा रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवला. सकाळी सुती कापडाच्या बोळ्याने त्याचे दोन हात दिले. स्पिरिट भराभर उडतं, त्यामुळे पहिला हात दुसऱ्याची तयारी होईपर्यंत वाळतो. मात्र हे काम मोकळ्या हवेत करायचं आणि जवळपास विस्तव नको. मग पुन्हा ओलं फडकं दाबून पाहिलं. कोरं! एक ठिपका नाही.

आता तो क्षण! मी ताकाच्या रंगाचा डबा घेतला होता. पहिला ब्रश त्या हिरव्या इनॅमलवरून फिरला आणि हिरवा दिसेनासा झाला. ना वेगळा प्रायमर, ना आदल्या दिवसाची घासाघीस. पहिला हात वाळला तेव्हा पट्टे पट्टे दिसत होते, आणि ते तसे दिसतातच, तिथे धीर सोडायचा नाही. तासाभरात दुसरा हात दिला आणि पट्टे गेले. तैलरंगाला एक हात वाळायला रात्र काढावी लागते, घरभर वास कोंडतो, ब्रश धुवायला टर्पेंटाइन लागतं. इथे ब्रश नळाखाली धरला की काम झालं. आई चष्मा पुसत आली आणि म्हणाली, "माय वं! हे आपलंच कपाट?"

हंगामाचं मात्र भान ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा रंग ब्रशवरच सुकायला लागतो. पहाटे काम करावं, ब्रश किंचित ओला ठेवावा. पावसाळ्यात उलट, रंग लवकर वाळत नाही. दिवाळीनंतरची थंडी सगळ्यांत उत्तम.

तयार डबा मिळत नसेल किंवा महाग वाटत असेल, तर घरी करता येतो. रंगाच्या दुकानात खडूची भुकटी मिळते, चॉक मिट्टी म्हणा, लगेच देतात. ती थोड्या पाण्यात गुठळी न होऊ देता भज्यांच्या पिठाइतकी दाट कालवायची आणि मॅट इमल्शनमध्ये मिसळायची. एक वाटी रंगाला पाव ते अर्धी वाटी भुकटी. प्लास्टर ऑफ पॅरिसनेही होतं, पण ते डब्यातच घट्ट होऊ लागतं, म्हणून लागेल तेवढंच करावं. मला खडूच बरा वाटला. आणि ही चॉक मिट्टी दुकानात असते कशासाठी? लांबीसाठी! खडू आणि जवसाचं तेल मळून आपले सुतार पिढ्यान् पिढ्या लाकडाच्या भेगा भरत आले. धानाच्या बांध्यांत लाखोळीबरोबर जो जवस पेरतात, त्याचंच ते तेल. म्हणजे खडू आपल्या लाकडाला अनोळखी कधी नव्हताच.

तिकडे सावंतवाडीला तर चितारी मंडळींनी खडू आणि लाखेच्या मेळाची कला करून ठेवली आहे. गंजिफाची पानं करताना आधी चिंचोक्याची खळ, त्यावर खडूचा थर, तो दगडाने घासून गुळगुळीत करायचा, मग हाताने चित्र आणि शेवटी लाखेचं रोगण. खाली खडू, वर लाख. माझ्या कपाटात खाली लाख आणि वर खडू आहे, क्रम तेवढा उलटला. हे वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी रात्री उठून कपाट पुन्हा बघून आले.

रंग वाळल्यावर कोपरे आणि कडा बारीक ओल्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने खरवडतात, म्हणजे खालचं लाकूड थोडं डोकावतं. जिथे खरोखर हात लागून झिजलं असतं तिथेच करावं, म्हणजे दाराची कड, कडीभोवतालची जागा, पायांची टोकं. सगळीकडे केलं की खोटं दिसतं. मी दाराच्या कडेला केलं आणि आतून हिरवा, आकाशी, चॉकलेटी अशा तीन रेघा एकाखाली एक निघाल्या. घरातली तीन लग्नं! ती कड मी पुढे एक तसूही घासली नाही. जाळी नवी बसवली. कड्या आणि बिजागऱ्या जुन्याच पितळी ठेवल्या. पितळेसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात राहून कपाटाला स्टीलची कडी लावायची म्हणजे काय! चिंच आणि मिठाने चोळल्या, झळझळीत निघाल्या.

शेवटी मेण. हे चुकवू नका, कारण नुसता खडूचा रंग डाग पिऊन घेतो. मधाच्या पोळ्याचं मेण गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं, चूल बंद करून, भांडं बाहेर आणून मग तिप्पट टर्पेंटाइन घालायचं, आणि गार झालेलं मलम मऊ कापडाने चोळायचं. थोडंसंच घ्यायचं आणि खूप चोळायचं. रंग एकदम गडद होतो, त्याला खोली येते. मेण पूर्ण कडक व्हायला तीन-एक आठवडे लागतात, तोवर कपाटावर जड काही ठेवू नये. गरम पातेलं तर त्यावर कधीच नको. जेवणाचं टेबल असेल तर मेणाऐवजी पाण्याचं पारदर्शक वॉर्निश द्यावं.

एका बाबतीत मी वाढई काकांच्या बाजूची आहे. जाता जाता ते म्हणाले होते, "चांगल्या सागवानाले मात्र रंग फासू नोको." अगदी खरं! ज्या सागवानी पलंगाचं पॉलिश शाबूत आहे, रेषा दिसताहेत, त्याला ब्रश लावणं मला पटत नाही. तिथे चपड्याचंच पॉलिश द्या. हा रंग त्यांच्यासाठी आहे ज्यांच्यावर आधीच इनॅमल चढलंय, ज्यांच्या फळ्या दोन जातींच्या आहेत, ज्यांना डाग पडलेत, ज्यांना घरातून बाहेर काढायचं ठरलंय.

आणि ओल्या पॉलिश पेपरचं कारण. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतलं शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत किती असेल ते डोळ्यांनी कळत नाही. कोरडं घासलं की ती धूळ श्वासात जाते आणि लहान मुलांना तिचा धोका सर्वांत जास्त. म्हणून पाणी शिंपडून, तोंडाला मास्क लावून, मुलांना लांब ठेवूनच पोपडे काढा, आणि निघालेला गाळ अंगणात न टाकता पिशवीत बांधून टाका. चॉक पेंटची मोठी सोय हीच, की घट्ट बसलेला जुना थर घासून काढावा लागत नाही, तो खाली तसाच झाकला जातो.

तेव्हा यंदा दिवाळीची आवराआवर काढाल आणि भंगारवाल्याची हाक ऐकू येईल, तेव्हा जरा थांबा. आधी ते लाकूड हलवून बघा. सांधे घट्ट असतील तर आतल्या कोऱ्या बाजूवर ओलं पांढरं फडकं दाबा. डाग उमटला तर चपडा आणा, नाही उमटला तर सरळ ब्रश उचला. पहिल्या प्रयोगाला स्टूल घ्या, कपाट नंतर. आणि भंडाऱ्यात कुणाला एखादं दुभत्याचं कपाट नकोच असेल, तर कृपा करून आधी मला सांगा.