चिखल आभाळातून पडत नाही

पाऊस सुरू झाला की मोबाईलवर सायकलींचे फोटो येऊ लागतात. हिरवा घाट, ओला रस्ता, रंगीत रेनकोट. हौस आहे, जरूर जावे. पण पावसातली सायकल म्हटले की आम्हाला घाट आठवत नाही. आठवतो तो वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंतचा अर्धा किलोमीटर.

आम्ही वस्तीतली चार पोरं आणि सायकली दोन. शाळा सहा किलोमीटरवर. डांबरी सडक ग्रामपंचायतीपाशी येऊन थांबायची. तिथून विहारापर्यंत काळी माती. ती मडगार्डात गच्च बसते आणि चाक जाम होते. काडीने कोरून काढायची, दहा पावलांवर पुन्हा तेच. शेवटी एकाने पुढून, एकाने मागून सायकलच उचलायची. सडकेवर पोचलो की डबक्यात पाय आणि चाके धुवायची, मग डबलसीट.

गावातली मुलेही त्याच पावसात भिजून यायची, पण त्यांच्या कपड्यांना चिखल नसायचा. आम्ही गुडघ्यापर्यंत माखलेले, वर उशीर. गुरुजी वर्गाबाहेर उभे करायचे. "तुम्ही लोक स्वच्छ राहायला कधी शिकणार?" आम्ही मान खाली घालायचो. चूक आपलीच, असे आम्हाला खरेच वाटायचे.

पुढे एम.ए.ला बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचले. १९२९ साली चाळीसगावात टांगा भाड्याने मिळाला, पण बाबासाहेबांना बसवून तो हाकायला टांगेवाला तयार होईना. आपल्याच एका बांधवाने, सवय नसताना, टांगा हाकला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. तेव्हा आम्हाला उमगले की जात फक्त मनात नसते, ती वाहनावर आणि रस्त्यावरही असते. सायकलला टांगेवाला लागत नाही, म्हणून तिने आम्हाला शाळेत पोचवले. पण रस्ता कुणाला घरून आणता येत नाही. तो ठरावातून येतो, आणि ठराव करणारे कोण असतात हे आपण जाणतो.

कुणी म्हणेल, मळ्यात राहणारेही चिखल तुडवतात. खरे आहे. पण गावाला लागूनच राहायचे आणि गावाची सडक मात्र आपल्या दाराच्या अलीकडेच संपायची, ही गोष्ट वेगळी आहे.

डिसेंबर २०२० मध्ये शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. स्वागतच आहे. पण पाटी बदलल्याने अडकलेले चाक फिरत नाही. आमच्या वस्तीत आता सिमेंटचा रस्ता आहे, तो अर्जावर अर्ज करून मिळाला. कामानिमित्त फिरतो तेव्हा मात्र शाळेच्या गणवेशात सायकल उचलून चाललेल्या मुली अजूनही दिसतात.

म्हणून तरुण मित्रांनो, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जा. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाचा निधी कुठे खर्च झाला, ते विचारा. उत्तर लेखी मागा. पाऊस साऱ्या गावावर सारखाच पडतो. चिखल कुणाच्या वाट्याला येणार, हे माणसे ठरवतात. मान खाली घालायची पाळी आपली नव्हती, आजही नाही.

जय भीम!